नऊ सत्तेचाळीसला नरहरी गेला

वसईजवळच्या वटार गावातल्या नरहरी चुरीला ‘रेसर’ हे नाव १९७८ साली पडलं, आणि ते त्याने स्वतःच पाडून घेतलं होतं. आगाशीहून सुटलेल्या एसटीच्या आधी आपण फियाटने वसई स्टेशन गाठलं, हे तो पुढे वीस वर्षं सांगत आला. त्या दिवशी एसटी वाटेत गासला पंक्चर होऊन उभी होती, हे मात्र तो सांगत नसे. माणूस खोटारडा नव्हता. फक्त खरं किती सांगायचं, हे त्याचं तो ठरवायचा.

केळीची आणि सोनचाफ्याची वाडी, वाडीत विहीर, विहिरीशेजारी पत्र्याची शेड आणि शेडमध्ये ती फियाट. नरहरीचा जीव तिच्यात अडकलेला. बायको सावित्री म्हणायची, मला बघायला आले तेव्हा यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अंगणात उभ्या केलेल्या गाडीकडे चारदा. रोज पहाटे चाफ्याची टोपली मागच्या सीटवर ठेवून तो स्टेशनला जायचा आणि येताना रस्त्यात भेटेल त्याला गाडीत घालून आणायचा. एकदा बसलेला माणूस दुसऱ्यांदा लांबूनच हात हलवून सांगायचा, चालत जातो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

सत्त्याण्णवच्या दिवाळीत घोटाळा झाला. पाडव्याला मेहुणे जेवायला आले होते. त्यांना हँडब्रेकवर गाडी कशी फिरवतात ते दाखवावं, असं नरहरीच्या मनात आलं. गाडी फिरली, पण विहिरीच्या कठड्यापाशी येऊन फिरली. कठड्याला काही झालं नाही. गाडीचा डावा दिवा मात्र विहिरीत गेला आणि पुढे चार दिवस बादलीतून काचा निघत होत्या.

मुलगा प्रितेश विम्याच्या ऑफिसात कारकून होता. दिवसभर अपघाताच्या फायली वाचून वाचून सत्तावीस वर्षांच्या त्या पोराला माणसाच्या आधी क्लेम दिसायला लागला होता. त्याने शांतपणे गाडी दुरुस्त करून आणली, शेडमध्ये लावली आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. बाबा, आता पुरे, एवढंच म्हणाला. आंघोळीला जातानाही तो किल्ली टॉवेलात गुंडाळून न्यायचा.

मग काय, नरहरी रोज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन बंद फियाटमध्ये बसायला लागला. काच पुसायची, स्टिअरिंग धरायचं, समोरच्या पत्र्याकडे बघत राहायचं. सावित्री चहाही तिथेच नेऊन द्यायची. तिला फार वाईट वाटायचं. धड चालताबोलता माणूस असा खुंटीला टांगल्यासारखा बसलेला तिला बघवत नव्हता. पण विहिरीतल्या काचाही तिनेच वेचल्या होत्या, त्यामुळे मुलाला तरी काय बोलणार.

तशात जानेवारीत वसईतल्या चार गाडीवेड्यांनी मोटारींची शर्यत जाहीर केली. रविवारी सकाळी नऊला गोखिवऱ्याहून सुटायचं, निर्मळ नाक्यावर नोंद, भुईगावचा वळसा घालून आगाशीला नोंद, आणि शेवट कळंबच्या किनाऱ्यावर. बाराच्या आत पोचायचं. पोचला तो पास, लवकर पोचला त्याला ढाल. नरहरीने फॉर्म भरून टाकला आणि रात्री जेवताना मुलाला सांगितलं. प्रितेशने शांतपणे भाताचा घास संपवला. मग म्हणाला, ठीक आहे. शर्यत पूर्ण करा, अर्धवट नाही. गाडीला एकही ओरखडा नको. तेवढं केलंत तर फियाटची किल्ली तुमची, पुन्हा मागणार नाही. आणि नाही झालं, तर मार्चमध्ये गाडी विकायची.

नरहरी खूश झाला आणि किल्लीसाठी हात पुढे केला. प्रितेश म्हणाला, किल्ली शर्यत झाल्यावर.

म्हणजे पोहायला शिकल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, अशातली गत. नरहरीने आठवडाभर दारोदार हिंडून गाडी मागितली. पण त्याला ओळखत नाही असा गाडीवाला पंचक्रोशीत नव्हता, आणि ओळखतो असा कोणी गाडी देईना. एकाची गाडी लग्नाला जाणार होती, एकाची क्लच प्लेट गेली होती, एकाने तर तोंडावर सांगितलं की दादा, बायको माग, गाडी मागू नकोस. शनिवारी संध्याकाळी तो गोखिवऱ्याला ॲन्सेल्मच्या गॅरेजमध्ये जाऊन बसला. ॲन्सेल्म त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने नरहरीचं तोंड बघितलं आणि मग कोपऱ्यातल्या गाडीवरचं कापड ओढलं.

तो स्वर्गरथ होता. पाच गावांनी मिळून अंत्यविधी मंडळ काढलं होतं, त्यांची ही मयताची गाडी. परदेशी वकिलातीतून लिलावात निघालेली, मागे लांबलचक डबा असलेली पांढरी मोटार. मंडळात हिंदू-ख्रिस्ती सगळेच असल्यामुळे गाडीच्या एका अंगाला क्रूस होता आणि दुसऱ्या अंगाला ॐ, पेंटर एकच असल्यामुळे दोन्ही एकाच निळ्या रंगात. स्टिअरिंग डाव्या हाताला. क्लच नावाची वस्तूच नाही. गिअरच्या जागी एक दांडा आणि त्याच्या बाजूला इंग्रजी अक्षरं. आजवर ती ॲन्सेल्म सोडून कोणी चालवली नव्हती.

ॲन्सेल्मची एकच अट होती. मंडळाची गाडी आहे, कोणाच्या घरी मयत झालं तर शर्यत जिथे असेल तिथे सोडायची आणि आधी तिकडे जायचं. नरहरीने शपथ घेतली. ॲन्सेल्म म्हणाला, तसं या आठवड्यात कोणी जाण्यासारखं नाही, मी विचारून घेतलंय. मग तो ती अक्षरं समजावायला लागला. नरहरीने त्याला हाताने थांबवलं. तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला दांडा काय शिकवतोस, म्हणाला.

रविवारी सकाळी सावित्रीने त्याच्या तळहातावर दही घातलं. गाडी कुठली मिळाली ते त्याने घरात सांगितलं नव्हतं. प्रितेश ओट्यावर पेपर वाचत होता. तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, जमत नसेल तर राहू द्या, बाबा. नरहरीचं टाळकंच सरकलं. चप्पल पायात अडकवली आणि “जातो!” म्हणून तो फाटकाकडे निघाला. आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सावित्री मागून दोनदा म्हणाली, अहो, येतो म्हणा. त्याने वळूनही पाहिलं नाही.

गोखिवऱ्याच्या मैदानावर बारा गाड्या उभ्या होत्या. दर दोन मिनिटांनी एक सुटत होती. नरहरीचा नंबर नववा. स्वर्गरथ रांगेत येऊन लागला तेव्हा संयोजकांपैकी एकाने टोपी काढली आणि दुसऱ्याने हात जोडले. नियमात गाडी कुठली हवी ते लिहिलंच नव्हतं, त्यामुळे कोणाला काही बोलता येईना. नरहरी रुबाबात उजवं दार उघडून आत बसला. समोर स्टिअरिंग नव्हतं. तो खाली उतरला, पलीकडून वळसा घालून डाव्या दाराने पुन्हा बसला आणि जणू गाडीची प्रदक्षिणा घालायचीच होती अशा चेहऱ्याने समोर बघू लागला.

मग त्याने दांड्याकडे पाहिलं. पी, आर, एन, डी, एल. रेसर माणूस, डोकं चालवलं. पी म्हणजे पार्किंग, हे बोर्डावर वाचलं होतं. आर म्हणजे उघडच रेस. एन म्हणजे नरहरी नक्की नसणार, ते सोडून दिलं. डी या अक्षराशी तो जरा थबकला. मयताची गाडी, तेव्हा डी म्हणजे डेडबॉडी. मागे बॉडी असेल तेव्हाच हा गिअर टाकायचा असणार, सावकाश, धक्का न लावता. आज गाडी रिकामी, त्याला हात लावायचं कारण नाही. उरला एल, तो म्हणजे लवकर.

नऊ सोळाला झेंडा पडला. नरहरीने दांडा ‘रेस’वर टाकला आणि पाय दाबला. स्वर्गरथ तीरासारखा सुटला, पण मागे. दहा नंबरवाला उडी मारून बाजूला झाला, टोपीवाला संयोजक कंपाउंडवर चढला आणि गाडी फाटकाजवळच्या पाण्याच्या पिंपाला मागचा कोपरा घासून थांबली. ॐच्या खाली वीतभर ओरखडा पडला. नरहरीला आवाज ऐकू आला होता. पण त्याने खाली उतरून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर ते झालं असतं. त्याने दांडा ‘लवकर’वर ओढला, आणि गाडी एकदाची पुढे निघाली.

आता एल हा चढावर रेटायचा गिअर. इंजिन असं बोंबलायला लागलं की सोपाऱ्यातली कुत्री घरात पळाली, आणि काटा मात्र विसाच्या पुढे जाईना. घामाघूम झालेला नरहरी मनात म्हणत होता, हा लवकर असेल तर बाकीचे कसे असतील. डावा हात सवयीने गिअर शोधायचा आणि दाराची कडी ओढायचा. दोनदा चालत्या गाडीत दार उघडलं. डावा पाय क्लच शोधून शोधून शेवटी मांडी घालून बसला.

रविवारची सकाळ, चर्चहून माणसं घरी येत होती. स्वर्गरथ दिसला की बायका पदर सावरत, पुरुष छातीवर क्रूस करत, हिंदू असतील ते हात जोडत. आणि मयताच्या गाडीला ओव्हरटेक करायचं नसतं. तेव्हा आधी दोन स्कूटर मागे लागल्या, मग केळ्यांचा टेम्पो, मग एक रिक्षा. दहा आणि अकरा नंबरचे स्पर्धकही येऊन मागे लागले आणि तिथेच राहिले. त्यांनाही आईवडिलांनी शिकवलेलं होतंच. नरहरीने आरशात पाहिलं तर मागे ही लांब रांग. आपल्याला कोणी गाठूच शकत नाहीये, या विचाराने त्याला जरा बरं वाटलं.

निर्मळ नाक्यावर एका किराणा दुकानाच्या दारात टेबल टाकून लुईस बसला होता. त्याचं काम एवढंच, की नंबर गेला की घड्याळ बघायचं, वहीत लिहायचं आणि दुकानातल्या फोनवरून आगाशीच्या नोंदीवर बसलेल्या रुडॉल्फला कळवायचं. लुईसला एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून तो फोनवर ओरडून बोलतो. स्वर्गरथ समोरून सरकत गेला तसा तो आत आला आणि फोन लावला.

“नरहरी गेला. नऊ सत्तेचाळीसला,” तो ओरडला. “वटारचा, हां, नरहरी चुरी. स्वर्गरथातून. एकटाच आहे रे, मागे माणसं मात्र खूप आहेत.”

दुकानात वटारची एक बाई खोबरेल घ्यायला आली होती. तिच्या हातातली बाटली तिथेच राहिली. ती धावत बाहेर आली. समोर स्वर्गरथाची पाठ आणि तिच्यामागे स्कूटरींवर, टेम्पोत मान खाली घालून चाललेली पन्नासेक माणसं. यापुढे आणखी पुरावा कोणाला लागतो? ती मिळेल त्या टेम्पोत बसली. बरी बातमी चालत येते, वाईट बातमीला पेट्रोलही लागत नाही. पंधराव्या मिनिटाला वटारला कळलं की नरूदादा नऊ सत्तेचाळीसला गेले, निर्मळ नाक्यावर, आणि गाडीतच गेले.

सावित्री चूल पेटवत होती. ऐकल्यावर तिने हातातली काडी विझवली. तिथेच भिंतीला टेकून बसली आणि एवढंच म्हणाली, “सकाळी जातो म्हणाले.” मग आत जाऊन तिने दार ओढून घेतलं.

पुढचं सगळं गावाने केलं, आणि गावाला हे काम फार छान येतं. शेजारची एमिली किटलीभर चहा आणि पाव घेऊन आली, कारण आता या घरात चूल पेटणार नव्हती. कोणी ओटा झाडला, कोणी मडकं आणलं. तिरडीसाठी वाडीतल्याच बेटातले बांबू तोडले, जे नरहरी जिवंतपणी कोणाला हात लावू द्यायचा नाही. देह यायचा होता, तोवर समोर फोटो ठेवून दिवा लावला. त्याचा एकट्याचा असा फोटो घरात एकच सापडला, फियाटच्या बॉनेटवर हात ठेवून काढलेला. प्रितेश त्या फोटोसमोर उभा राहिला. खिशात हात घातला, किल्ली काढली आणि दिव्याच्या शेजारी ठेवली. आज सकाळीच दिली असती तर, असं काहीतरी तो पुटपुटला. विम्याच्या फायलीत असला रकाना नव्हता.

इकडे कोणीतरी ॲन्सेल्मच्या गॅरेजला फोन लावला. वटारला चुरींकडे मयत झालंय, गाडी पाठवा म्हणाला. ॲन्सेल्म म्हणाला, गाडी कुठली, नरहरी गेला ना. फोनवाला म्हणाला, तो गेलाच, म्हणून तर गाडी पाहिजे. ॲन्सेल्म म्हणाला, अरे, पण गाडी त्याच्याबरोबरच गेली. दोघांनाही दुसरा असा का बोलतोय ते कळेना. दुःखात माणूस असंच बोलतो अशी दोघांनी समजूत काढली आणि फोन ठेवले. मग ॲन्सेल्मने आगाशीला रुडॉल्फला निरोप दिला, की नऊ नंबर आला की त्याला थांबव आणि वटारला पाठव.

भुईगावचा वळसा घालून नरहरी आगाशीला पोचला तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती. वाटेत एका म्हातारीने गाडी थांबवून बॉनेटवर झेंडूची फुलं ठेवली होती आणि कोण गेलं म्हणून विचारलं होतं. तो म्हणाला होता, मीच चाललोय. म्हातारी बराच वेळ तशीच उभी होती. पण शेवट आता हाकेच्या अंतरावर होता. कळंब तिथून किती लांब? विसाच्या स्पीडनेही बाराच्या आत सहज. त्याला फियाटच्या इंजिनाचा आवाज ऐकू यायला लागला होता.

रुडॉल्फने हात आडवा केला आणि खिडकीशी येऊन निरोप सांगितला. वटारला चुरींकडे मयत झालंय. शर्यत सोड आणि गाडी घेऊन जा.

नरहरीच्या मनात पहिल्यांदा आली ती किल्ली, हे खरं ते सांगायला हवं. हातातोंडाशी आलेला घास गेला, असं वाटून त्याला रडूच आलं. चुरींची वटारला नऊ घरं. कोणाला आजच मरायचं होतं? मग त्याची त्यालाच लाज वाटली. शपथ घेतली होती. त्याने गाडी वळवली, आणि वळवता वळवता नऊ घरं मनात मोजायला लागला. वरच्या आळीतले काका परवा झाडावर चढलेले पाहिले होते. म्हातारी आत्या ठणठणीत. मधल्या घरात सगळी तरणीताठी. असं एकेक घर पुसत पुसत तो शेवटच्या घरापाशी आला, आणि ते त्याचं होतं. सावित्रीला थंडीपासून खोकला होता. ती डॉक्टरकडे चला म्हणाली होती आणि तो म्हणाला होता, शर्यत होऊ दे.

येतो म्हणा, अहो, येतो म्हणा, असं ती सकाळी दोनदा म्हणाली होती.

त्याने दांड्याकडे पाहिलं. आता बॉडी आणायलाच निघालो, तेव्हा आता तो गिअर टाकायला हवा. हुंदका आवरून, धक्का लागू नये म्हणून हळूच, त्याने दांडा ‘डी’वर ठेवला. आणि सकाळपासून बोंबलणारं ते इंजिन एकदम शांत झालं, गाडी पाण्यावरून गेल्यासारखी सुटली. चाळीस, पन्नास, साठ. मागची रांग बघता बघता दिसेनाशी झाली. जन्मात कधी गाडी इतकी चांगली चालवली नव्हती त्याने. एक खड्डा नाही, एक चुकीचं वळण नाही. पण बघायला कोणी नव्हतं आणि त्याचंही लक्ष नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशीच त्याला आपल्या अंगणातली गर्दी दिसली. ओट्यावर बांबू दिसले. एमिलीची किटली दिसली. मग काही बघायचं उरलं नाही.

स्वर्गरथ फाटकात लागला तशी माणसं बाजूला झाली. मयताच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या तोंडाकडे कोण बघतो? एकाने त्याला मागून सांगितलं की स्ट्रेचर वाडीकडून आणा, पुढचा दरवाजा अरुंद आहे. नरहरीने खालच्या मानेने विचारलं, कधी झालं. तो माणूस म्हणाला, नऊ सत्तेचाळीसला. नरहरीने मान वरच केली नाही. तो आत जाऊन दिव्यासमोर बसला आणि पदरात तोंड घालावं तसं गुडघ्यात तोंड घालून ढसाढसा रडायला लागला. सावित्री, सावित्री, एवढंच बोलत होता. शेजारी बसलेल्या माणसांना वाटलं, लांबचा भाऊबिऊ असेल. एमिलीने त्याच्या हातात चहाचा कप दिला, तोही त्याने रडत रडत घेतला.

आतलं दार उघडलं. सावित्री बाहेर आली. तिने त्या पाठीकडे पाहिलं, मानेवरच्या केसांकडे पाहिलं, आणि जवळ येऊन त्याच्या खांद्याला बोट लावलं.

“अहो, उठा,” ती म्हणाली. “लोक बघतायत.”

मग जो काही गलका झाला तो सांगण्यात अर्थ नाही. दोघंजण वाडीत पळाले, एमिली मटकन खाली बसली, मडकेवाल्याने मडकं सोडलं. नरहरी बायकोला आणि बायको नरहरीला चाचपून बघत होती. प्रितेश दाराशी पांढराफटक होऊन उभा होता. त्याच्या तोंडून बाबा एवढा एक शब्द आला आणि तो लहानपणी रडायचा तसा नाक ओढत रडायला लागला. कोणी काय ऐकलं, कोण कुठे गेलं, हे लुईसला धरून आणल्यावर उलगडलं. हो, लुईसही आला होता. रुडॉल्फ आला होता. कळंबला पोचलेले सगळे स्पर्धक, ढाल मिळालेला तरणा पोरगाही, नरूदादा गेले म्हणून शर्यतीचं सामान तसंच वाळूत टाकून आले होते.

गलका शमल्यावर नरहरीने वर पाहिलं. समोर त्याचाच फोटो, फोटोपुढे दिवा आणि दिव्याशेजारी किल्ली. त्याचा हात पुढे गेला आणि मधूनच परत आला.

सावित्रीने विचारलं, शर्यतीचं काय झालं. तो म्हणाला, सोडली, कोणीतरी मेलं म्हणून. ती म्हणाली, कोण? तो म्हणाला, “तू.”

सावित्रीने फोटोपुढचा दिवा फुंकून विझवला. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा होत होते. तिने पायात चपला घातल्या, अंगणात गेली आणि स्वर्गरथाचं उजवं दार उघडून आत बसली. म्हणाली, आता कोणी मेलेलं नाही, चला.

वटारच्या माणसांनी त्या दिवशी जे पाहिलं ते पुन्हा दिसणार नाही. पुढे स्वर्गरथ, त्यात मेलेला माणूस गाडी चालवतोय आणि शेजारी त्याची विधवा त्याला सांगतेय की हळू, खड्डा आहे. मागे अख्खं गाव, निम्मे सायकलींवर आणि स्कूटरवर, निम्मे टेम्पोत, काहींच्या हातात तिरडीचे बांबू तसेच, कारण ते ठेवायला सुचलंच नव्हतं. कळंबला झेंडा वाळूत पडलेला होता. लुईस पुढे धावला, त्याने झेंडा रोवला, टेबल सरळ केलं, वही उघडली. गाडी रेषेवरून गेली तेव्हा तो घड्याळाकडे बघून ‘गेला’ म्हणणार होता. सगळ्या गावाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की शब्द त्याच्या तोंडातच राहिला.

“नरहरी पोचला,” लुईस म्हणाला. “अकरा छप्पन्न.”

टाळ्या वाजल्या, बांबू हवेत उडाले. नरहरी गाडीतून उतरला. प्रितेश समोर आला तसा त्याने मुलाचा हात धरला, त्याला गाडीच्या मागे नेलं आणि ॐच्या खालचा ओरखडा दाखवला. म्हणाला, हा सकाळीच लागला, सुरुवातीलाच, तू म्हणालास ते पुरं झालं नाही. म्हणाला आणि समुद्राकडे बघत उभा राहिला.

प्रितेशने वाकून ओरखड्यावरून अंगठा फिरवला. ऑफिसात फिरवतो तसाच.

“किल्ली फोटोपुढे आहे, बाबा,” तो म्हणाला. “गेलेल्या माणसाला वाहिलेली वस्तू परत घेत नाहीत.”

सोमवारी पहाटे शेडचा पत्रा वाजला. मागच्या सीटवर चाफ्याची टोपली ठेवून नरहरीने फियाट फाटकाशी आणली. सावित्री कंदील घेऊन तिथे उभी होती, वाट अडवून.

“येतो,” तो म्हणाला.

“पुन्हा म्हणा.”

त्याने पुन्हा म्हटलं. मग ती बाजूला झाली.